'संगत वाईट' म्हणण्याआधी: किशोरवयातलं पिणं, मित्रमैत्रिणींचा दबाव आणि घरात करायची दहा कामं

एकाच आठवड्यात दोन आया मला भेटायला आल्या. दोघींची मुलं अकरावीत, एकाच बाकावर बसणारी. पहिली म्हणाली, "माझा मुलगा सरळ होता हो, त्या मुलाच्या नादी लागला." तीन दिवसांनी 'त्या मुलाची' आई आली आणि तिनं हेच वाक्य, जवळजवळ शब्दशः, पहिलीच्या मुलाबद्दल म्हटलं. दोघी मनापासून बोलत होत्या, दोघी रडल्या. घडलेलं एवढंच होतं की वारज्यात एका मित्राचे आईवडील लग्नाला परगावी गेले होते आणि त्यांच्या रिकाम्या फ्लॅटवर आठ जण 'बसले' होते. त्या आठांत दोन मुली होत्या. मुलींच्या घरी मात्र अजून काहीच कळलं नव्हतं. ते का कळलं नव्हतं, हा मला या सगळ्यातला सर्वांत काळजीचा प्रश्न वाटतो.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दहावी-बारावीचे निकाल, फेअरवेल, गटारी, गणपती आणि एकतीस डिसेंबर या पाच वेळांना पालकांचे फोन वाढतात, हे इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. हा लेख तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी आहे. कामं क्रमाने दिली आहेत. पहिली तीन समजून घेण्याची आहेत आणि ती गाळून थेट 'काय बोलू?' वर उडी मारली तर बोलणं फसतं, असा माझा अनुभव आहे.

१. आधी गट कागदावर मांडा

'संगत' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. त्या शब्दात आपलं मूल म्हणजे मातीचा गोळा आणि दुसऱ्याचं मूल म्हणजे कुंभार, असं गृहीत धरलेलं असतं. डेनिस कँडेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली हायस्कूलमधल्या मित्रांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांनी त्याच मुलांना तपासलं होतं. त्यात दोन गोष्टी दिसल्या: मुलं मुळातच आपल्यासारखे मित्र निवडतात आणि मैत्री झाल्यावर एकमेकांसारखी आणखी होत जातात. दोन्हींचा वाटा साधारण सारखाच निघाला. म्हणजे त्या दोन्ही आया अर्ध्या बरोबर होत्या.

एक कागद घ्या. मुलाच्या किंवा मुलीच्या जवळच्या पाच-सहा जणांची नावं लिहा. प्रत्येकापुढे लिहा: वयाने मोठा आहे का, गाडी कुणाकडे आहे, कुणाचं घर रिकामं असतं, पैसे कोण काढतं. मग आपल्या मुलाची त्या गटातली जागा लिहा. ठरवणारा, मागे जाणारा, गाडी चालवणारा, की शेवटी सगळ्यांना सांभाळून घरी पोचवणारा? ही शेवटची जागा बहुधा एखाद्या मुलीकडे असते. ती स्वतः पीत नसेलही, पण रात्री बाराला एका बेशुद्ध मैत्रिणीची जबाबदारी एकट्या सोळा वर्षांच्या मुलीवर असते आणि ती कुणाला फोन करू शकत नाही.

हा कागद भरता येत नसेल तर तेच आजचं काम. चौकशी करून नव्हे, जेवायला बोलावून. पोहे-मिसळीवर जेवढं कळतं तेवढं फोन तपासून कळत नाही.

मोठ्या वयाच्या मित्रांकडे नीट बघा. मुलींच्या बाबतीत तीन-चार वर्षांनी मोठा मित्र किंवा बॉयफ्रेंड हा धोक्याचा ठळक इशारा मानला जातो. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात ज्या मुली लवकर वयात आल्या, त्या किशोरवयात जास्त पिताना आढळल्या आणि त्याचं एक मोठं कारण हे होतं की त्यांच्या मैत्रिणी-मित्र त्यांच्यापेक्षा मोठे होते. सातवीत मोठी दिसू लागलेली मुलगी मनाने सातवीतलीच असते, हे घरच्यांनी विसरू नये.

२. दबाव कसा असतो ते समजून घ्या

आपल्या डोळ्यांसमोर असं चित्र असतं की चार टारगट मुलं घेरून उभी आहेत आणि एकाच्या तोंडाला ग्लास लावतायत. असं क्वचितच घडतं. वर्गातल्या मुलांनी मला सांगितलेला दबाव फार शांत असतो. सगळ्यांच्या हातात ग्लास आहे, माझा हात रिकामा आहे, आणि तो हात कुठे ठेवावा ते कळत नाही. बस्स, एवढंच. कुणी एक शब्द बोललेलं नसतं.

त्यात वयाचा भाग आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवर प्रयोग केला. तेरा ते सोळा वयाची मुलं एकटी खेळताना जेवढा धोका पत्करत होती, त्यापेक्षा मित्र शेजारी असताना खूप जास्त पत्करत होती. चोवीस वर्षांपुढच्या मोठ्यांमध्ये मित्र असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो आणि मजेला प्रतिसाद देणारा भाग मित्र समोर असले की जास्त पेटतो. म्हणून घरी समजूतदारपणे मान डोलावणारा मुलगा पानशेतच्या फार्महाउसवर वेगळाच वागतो. तो घरी खोटं बोलत नव्हता. तिथे त्याचं डोकं वेगळ्या परिस्थितीत होतं.

दुसरी गोष्ट, 'सगळेच पितात'. १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजात दाखवलं की विद्यार्थी आपल्या मित्रांच्या पिण्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त लावतात. पुढे अनेक ठिकाणी हेच आढळलं. न पिणारा गप्प असतो आणि पिणारा स्टोरी टाकतो, त्यामुळे मोजणी चुकते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा ते सतरा वयोगटातलं मद्य घेण्याचं प्रमाण १.३ टक्के निघालं. घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नाला मुलं किती खरं उत्तर देतील हा भाग सोडला आणि आकडा चौपट धरला, तरी 'सगळे' होत नाहीत. पुढच्या वेळी मूल हे वाक्य बोललं की वाद घालू नका. शांतपणे म्हणा, "वर्गात साठ जण आहेत ना? आपण मोजूया." मी हे वर्गात करून पाहिलं आहे. मोजणी बाराच्या पुढे जाईना, तेव्हा मुलं स्वतःच चकित झाली.

३. मुलगे आणि मुली यांच्यात नेमका फरक कुठे आहे

आपल्याकडे आजही पिणाऱ्यांत पुरुष खूप जास्त आहेत. त्याच २०१९च्या सर्वेक्षणात पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचं १.६ टक्के होतं, म्हणजे एका स्त्रीमागे सतरा पुरुष. त्यामुळे मुलीचे आईवडील निर्धास्त असतात. पण अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत किशोरवयात हा फरक जवळपास मिटला आहे. अमेरिकेतल्या आठवी-दहावीच्या मुली काही वर्षं मुलग्यांच्या पुढेही गेलेल्या आहेत. जिथे मुलामुलींचं एकत्र वावरणं वाढतं तिथे हा फरक आकसतो, आणि कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगर, तसंच बाहेरगावाहून आलेल्या मुलींची पीजी असलेले भाग त्याच वाटेवर आहेत, असं मला दिसतं.

शरीराचा फरक साधा आणि पक्का आहे. पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं, स्त्रीच्या शरीरात ५०च्या आसपास. दारू पाण्यात पसरते. पाणी कमी, तर तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त. शिवाय दारूचा काही भाग जठरातच मोडून टाकणारं विकर स्त्रियांमध्ये कमी असतं. त्यामुळे वजन सारखं असलं तरी मुलीला तीच मात्रा जास्त चढते. पार्टीसाठी दिवसभर न जेवलेल्या मुलीला तर फारच लवकर. अमेरिकेत दोन तासांत किती घेतली की 'अति' म्हणायची, यासाठी जी मोजपट्टी सुचवलेली आहे त्यात सोळा-सतराच्या मुलग्याला पाच ड्रिंक आणि मुलीला तीन धरतात.

इथे थोडा हिशेब सांगते, कारण मुलांना तो कुणीच सांगत नाही. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के असते. तिच्या ३० मिलिलिटरमध्ये अंदाजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेसहाशे मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर घेतली तर चाळीस ग्रॅमच्या पुढे. म्हणजे 'बिअरच तर आहे' म्हणून एक मोठी बाटली संपवणाऱ्या मुलीने चार लहान पेग घेतलेले असतात. फळाच्या चवीची गोड छोटी बाटलीही एका पेगच्या बरोबरीची असते. आणि कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत मिसळून फिरणाऱ्या प्रकारात किती गेलं याचा हिशेबच राहत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलं की चढल्याचं जाणवत नाही, पण चढलेलं असतंच.

आता मनाचा भाग. मुलगे मोठ्या टोळक्यात वावरतात आणि तिथे पिणं ही हिंमतीची परीक्षा होते. 'दूध पितो का अजून?', 'आईला विचारून ये', 'बायकी आहेस' ही वाक्यं मी स्वतः कॉरिडॉरमध्ये ऐकली आहेत. मुलगा पितो ते बहुतेकदा गटात जागा टिकवायला. मुलींच्या मैत्र्या दोघी-तिघींच्या, घट्ट असतात. तिथे दबाव 'तू मला एकटं पाडतेस' असा येतो, किंवा बॉयफ्रेंडकडून 'माझ्यावर विश्वास नाही का?' असा. मुलींमध्ये उदासी, घाबरं वाटणं, स्वतःच्या दिसण्याबद्दलची नाराजी यांवर उतारा म्हणून पिणं जास्त आढळतं. ही ढोबळ रेघ आहे. दुःख गिळण्यासाठी एकटा पिणारा मुलगा आणि पैजेवर पिणारी मुलगी, दोन्ही मी पाहिले आहेत.

आणि चौथा फरक समाजाने केलेला. पिऊन आलेल्या मुलाला घरात एक थप्पड मिळते आणि महिन्याभराने काका त्याच गोष्टीवर हसतात. पिऊन आलेल्या मुलीचं कॉलेज बंद होतं, फोन जातो, कधी लग्नाचा विषय निघतो. मुलींना हे पक्कं माहीत असतं. वारज्याच्या त्या दोन मुली म्हणूनच गप्प होत्या. त्यातल्या एकीला रात्रभर उलट्या होत होत्या, तिच्या मैत्रिणीने तिला बाथरूममध्ये बसवून ठेवलं आणि सकाळी 'अभ्यासाला थांबलो होतो' असं दोघींनी सांगितलं. तिचा श्वास अडकला असता तर? घरच्या भीतीने ती मुलगी मदतीपासून लांब राहिली. तिच्यावर असलेला सगळा धाक त्या रात्री तिच्या विरुद्ध गेला.

४. घरात एकच नियम करा

मुलग्याला एक आणि मुलीला एक असे नियम असतील तर ते आज मोडा. परत येण्याची वेळ, कुठे आहे हे सांगण्याची अट, चूक झाली तर होणारी शिक्षा, तिन्ही सारखी. 'तो मुलगा आहे, चालायचंच' हे वाक्य मुलग्याला सांगतं की तुझी काळजी कुणाला नाही. तेच वाक्य बहिणीला सांगतं की तुझ्यावर विश्वास कुणाचा नाही.

मोठ्यांचं पिणंही इथेच येतं. दर शनिवारी बाबांचे मित्र जमतात, मुलगा बर्फ आणि चकणा आणून देतो, मुलगी काकडी चिरते. कुणाला त्यात काही वाटत नाही. बाबांनी पूर्ण सोडावी असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. पण मुलांच्या हातून काही आणवून घेऊ नका, 'आज फार ताण होता' असं कारण मुलांसमोर देऊ नका, आणि घेऊन गाडी चालवू नका. ही तीन पथ्यं आजपासून पाळता येतील.

'बाहेर पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेऊ दे' असं बरेच सुशिक्षित पालक म्हणतात. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांवर सहा वर्षं चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा काहीही फायदा दिसला नाही. आईवडिलांनी दिलेल्या मुलांना बाहेरून मिळवण्याची शक्यता वाढली, नुकसानही वाढलं. पिण्याची सुरुवात जितकी उशिरा तितकं बरं, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाने १९९७ मध्ये दाखवलं होतं: पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पुढे व्यसनाच्या टप्प्यात गेले, विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास. लवकर सुरू करणाऱ्या मुलांचे इतर प्रश्नही त्यात मिसळलेले असतात, तरी दोन वर्षं पुढे ढकलणं हे आईवडिलांच्या आवाक्यातलं काम आहे.

५. बोला, पण समोरासमोर बसून नको

सोफ्यावर बसवून, टीव्ही बंद करून, दोन्ही पालकांनी एकदम सुरू केलेलं बोलणं तीन मिनिटांत संपतं. गाडीवरून क्लासला सोडताना, भाजी निवडताना, सिंहगड चढताना बोला. डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा मुलं जास्त सांगतात. दर वेळी पाच मिनिटं पुरेत.

सुरुवात स्वतःच्या मुलापासून करू नका. "तुमच्या बॅचमध्ये लोक बसतात का?" असं विचारा. 'बसतात' हा त्यांचाच शब्द आहे, तो वापरलात की समजतं की तुम्हाला माहीत आहे. मग "नाही म्हणणाऱ्याला काय म्हणतात?" हा प्रश्न. याचं उत्तर ऐकताना मधे बोलू नका, कितीही वाटलं तरी.

मुलग्याशी बाबांनी बोलावं असं मी आग्रहाने सांगते. बाप स्वतः कधी भीतीपोटी प्यायला, कधी नाही म्हणता आलं नाही, हे मुलग्याने बापाच्या तोंडून ऐकायला हवं. "मलाही कॉलेजात सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नव्हतं रे" हे एक वाक्य सहा व्याख्यानांचं काम करतं. मुलगा उदास आहे का, त्याला गटात चिडवतात का, हे कुणी विचारत नाही, ते विचारा.

मुलीशी बोलताना अब्रूचा विषय आणू नका. लोक काय म्हणतील, सासरी कळलं तर, हे ऐकलं की ती पुढचं सांगणं थांबवते. तिला शरीराचा हिशेब सांगा, वर दिलेला तसाच. आणि हे एक वाक्य शब्दशः सांगा: "तू प्यायलेली असलीस आणि तुझ्यासोबत कुणी काही वाईट केलं, तर चूक त्याची. तुझी नाही. मला फोन कर." मी हे वाक्य आयांना पाठ करायला लावते. पहिल्यांदा म्हणताना बहुतेकींचा आवाज कापतो.

६. नकाराची तालीम घ्या

'नाही म्हणायला शीक' एवढं सांगून काही होत नाही. वाक्य तोंडात बसलेलं लागतं. घरी हसतखेळत तालीम करा. तुम्ही आग्रह करणारा मित्र व्हा.

वाक्यं छोटी हवीत. काहीच कारण न देणारी किंवा फालतू कारण देणारी. "मी आज गाडी चालवणार आहे." "अँटिबायोटिक चालू आहे." "सकाळी सहाला प्रॅक्टिस आहे." "बाबा घरात घेताना तोंडाचा वास घेतात, जाम सायको आहेत." स्वतःच्या आईबापाला खलनायक करायची मुभा मुलांना द्या, आपलं काही जात नाही. मुलग्यांना चिडवण्यावर उत्तर लागतं: "हो, दूध पितो. तुला काय प्रॉब्लेम?" हसून म्हटलं की विषय संपतो. बॉयफ्रेंडला द्यायचं उत्तर मुलीने आधीच ठरवलेलं असावं: "विश्वास आहे म्हणूनच सांगतेय, मला नकोय." त्यावर तो रुसला तर तो कसा आहे ते तिला कळलं.

हातात काहीतरी असावं. पाण्याचा, लिंबूसोड्याचा भरलेला ग्लास. मी वर रिकाम्या हाताबद्दल लिहिलं ते याचसाठी. ग्लास स्वतः ओतलेला असावा आणि नजरेआड झाला तर तो पुन्हा उचलायचा नाही.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट: एक जोडीदार. सॉलोमन अॅश यांनी १९५०च्या दशकात साध्या रेघांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले होते. सगळा गट मुद्दाम चुकीचं उत्तर देई, आणि एकटा पडलेला माणूस डोळ्यांना दिसत असूनही बरेचदा गटामागे जाई. पण गटातल्या फक्त एकाने खरं उत्तर दिलं की त्याचं वाहवत जाणं एकदम घसरे. मुलाला विचारा, "तुमच्या ग्रुपमध्ये आणखी कुणाला नको असतं?" असा एक तरी असतोच. त्या दोघांनी आधी ठरवून जायचं. गट सोडायला सांगू नका, तो सुटत नाही. त्यात दुसरा शोधायला सांगा.

७. त्या रात्रीचा करार

एक साधा करार करा आणि दोन्ही बाजूंनी पाळा. मूल कुठेही, कितीही वाजता, कुठल्याही अवस्थेत असेल आणि त्याने फोन केला, तर तुम्ही घ्यायला जाणार. गाडीत एक शब्द बोलणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. फोन करता येत नसेल तर मेसेजचा एक ठरलेला शब्द ठेवा, "आजीची गोळी दिली का?" असा. तो आला की तुम्ही फोन करून रागावल्यासारखं करायचं आणि ताबडतोब घरी बोलवायचं. मित्रांसमोर मुलाची लाज राखली जाते.

मुलींच्या आईबाबांनो, हा करार तुमच्यासाठी जास्त कठीण आहे, मला कल्पना आहे. पण रात्री एकला भुगाववरून आलेला मुलीचा फोन म्हणजे तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे. त्या वेळी 'तिथे गेलीसच कशी?' एवढं जरी म्हणालात, तरी पुढचा फोन येणार नाही.

कायदा दोघांनाही वाचून दाखवा. अठरा पूर्ण झाले म्हणजे परवानगी मिळाली, असं बहुतेक मुलांना वाटतं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं ही अट आहे. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे 'वाढदिवसाला एक ग्लास' देणाऱ्या मोठ्या भावालाही लागू आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. सतरा वर्षांचा मुलगा, बारावीच्या निकालाची पार्टी, हातात महागडी गाडी, आणि रस्त्यावर दोन तरुण इंजिनीअर ठार. मी त्या आठवड्यात वर्गात एकच प्रश्न विचारला होता: त्याच्यासोबत जे मित्र होते, त्यांच्यापैकी किल्ली कोण मागू शकलं असतं? बराच वेळ कुणी बोललं नाही.

८. मूल प्यायलेल्या अवस्थेत घरी आलं तर

त्या रात्री काम फक्त जीव सांभाळण्याचं. ओरडणं, व्हिडिओ काढणं, आजोबांना उठवणं, काही नाही.

कुशीवर झोपवा, उताणं नको, कारण उलटी घशात अडकून गुदमरण्याचा धोका खरा आहे. एकटं सोडू नका. शुद्धीत असेल तर पाणी घोट घोट द्या. काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, यांपैकी काहीही करू नका. दारू यकृत आपल्याच गतीने मोडतं, ती गती वाढवता येत नाही. शेवटचा घोट घेतल्यावरही काही वेळ रक्तातलं प्रमाण चढत राहतं, म्हणून 'झोपलाय, आता ठीक आहे' असं समजू नका.

हाका मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर असेल. ओठ-नखं निळसर, अंग गार पडलं असेल. झटके येत असतील. तर थांबू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात किती आणि काय घेतलं ते खरं सांगा.

मुलीबाबत आणखी एक. तिला काही आठवत नसेल, कपडे अस्ताव्यस्त असतील, ती नुसती रडत असेल, तर आधी तिच्या जवळ बसा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तिला आंघोळ घालण्याची, कपडे धुण्याची घाई करू नका. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा वेळी मोफत आणि ताबडतोब उपचार करायचे असा कायदा आहे. पोलिसांसाठी ११२. अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू होतो. मुलग्यांच्या बाबतीतही लागू होतो आणि ते आपण विसरतो.

दुसऱ्या दिवशी बोला. "काय घेतलंस?" पासून नको, "किती घाबरला होतास?" पासून. शिक्षा जरूर द्या, पण ठरलेल्या मुदतीची: दोन शनिवार घरी, महिनाभर गाडी नाही. शिक्षण, खेळ, क्लास कधीही बंद करू नका. त्या जागा गेल्या की उरतो तो फक्त तो रिकामा फ्लॅट.

९. एकदा-दोनदाच्या पुढे गेलं असेल तर

एकटं पिणं, सकाळी किंवा क्लासच्या आधी पिणं, पैशाची चोरी, न आठवणाऱ्या रात्री, एकदम बदललेले मित्र, उतरलेले गुण, आणि मुलींमध्ये विशेषतः जेवण टाळणं, हातावर कापून घेतल्याच्या खुणा, दिवसच्या दिवस खोलीत. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा. पिण्याखाली नैराश्य दडलेलं असेल तर नुसती दारू बंद करून भागत नाही.

पुण्याचं भाग्य की मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र इथे आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं आणि येरवड्यात आजही चालू आहे. स्त्रियांसाठी त्यांचा निशिगंध हा वेगळा विभाग आहे, कारण व्यसनी बाईला पुरुषांच्या वॉर्डात बोलणं शक्य नसतं. ससून या सरकारी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. फोनवर सुरुवात करायची तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. हे आकडे फ्रिजवर लावा, मुलांना दिसतील असे.

'बिघडलेल्या' मुलांना एकत्र कोंडून सुधारण्याच्या शिबिरांपासून मात्र लांब राहा. अमेरिकेत अशा गटांचा अभ्यास झाला तेव्हा काही ठिकाणी मुलं एकमेकांकडून आणखी शिकून बाहेर पडलेली आढळली.

१०. दुसऱ्या आईबापांना फोन करा

हे शेवटी ठेवलं कारण सर्वांत कठीण हेच जातं. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात कधीतरी झिंगेपर्यंत प्यायलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी काय केलं? खेळ-संगीताला पैसे दिले, रात्री बाहेर राहण्यावर वयानुसार वेळ घातली, आणि शाळेतल्या पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले: कुणाच्याच घरी मुलांना दारू मिळणार नाही, कुणाचंच घर मोठ्यांशिवाय पार्टीला मिळणार नाही. आपल्याला सरकारी योजना आणता येणार नाही, पण सहा घरांचा करार आणता येईल.

फोनवर हे म्हणा: "तुमच्या मुलाबद्दल तक्रार नाही. एकतीसला सगळे कुठे जातायत आणि घरी कोण मोठं असणार आहे, एवढंच ठरवायचंय." तक्रारीचा सूर लागला की समोरचा बंद होतो. सोसायटीत, पथकात, क्लासच्या ग्रुपमध्ये याची सुरुवात होऊ शकते. ज्या ढोलताशा पथकात सरावाची शिस्त कडक आहे, तिथे मुलामुलींना एकत्र दमायला मिळतं आणि मोठ्यांची नजरही असते. मला ते फार मोलाचं वाटतं.

त्या दोन आयांना मी एकमेकींचे नंबर दिले. आठवडाभर कुणीच फोन केला नाही. मग एकीने केला. त्या वर्षी एकतीस डिसेंबरला आठही मुलं वारज्यातच, त्याच फ्लॅटवर जमली, कारण त्यांना तिथेच जमायचं होतं. फरक एवढाच की मित्राचे आईवडील घरात होते, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पावभाजी केली होती, आणि साडेबाराला खाली तीन गाड्या उभ्या होत्या. त्यांतली एक, उलट्या झालेल्या त्या मुलीच्या वडिलांची होती. त्यांना ती जुनी रात्र तिने स्वतःच, दिवाळीच्या सुट्टीत, गाडीत मागे बसून सांगितली होती.